रकाना क्रमांक अकरा

रुवीत, मशिदीमागच्या गल्लीत माझं टायपिंग सेंटर:
दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स,
आणि पाठीला टेकडीचा उघडा दगड,
जो दिवसभर खाल्लेलं ऊन
रात्री भिंतीतून परत करतो.
व्हिसा, करारनामे, हरवलेली कार्डं.
हरवलेला माणूस पहिल्यांदाच टाइप केला.

प्रभाकर सोनू पाष्टे, एसी मेकॅनिक, वय एक्केचाळीस.
कंपनीचा माणूस घाईत; गाडी भलत्या जागी लावलेली.
उंची? पाच सहा असेल.
रूमवाले म्हणाले, छे हो, पाच नऊ, पंख्याला हात लागायचा.
खूण? एकानं आपलीच हनुवटी चाचपून पाहिली.
रकाना अकरा: शेवटचं पाहिलं तेव्हाचे कपडे.
सगळे एकमेकांच्या तोंडाकडे.
चार वर्षं एका खोलीत,
तारेवर सगळ्यांचं वाळत घातलेलं एकत्र,
आणि शर्ट कुणालाच आठवेना.

रकाना रिकामा राहिला की अर्ज परत येतो.
मी लिहिलं: निळा.

आठवड्याभरात गल्ली पोलिसांच्या पुढे गेली.
पारकरचाचांच्या दुकानात, कांद्याच्या गोणीवर बसून,
लोकांनी त्याला बुरैमीमार्गे पलीकडे धाडला,
सलाल्यात त्याला बायको करून दिली,
नारळाची बाग दिली, वर एक मुलगीही.
भिशीचे पैसे, म्हणाला ज्याची भिशी बुडाली तो.
वादीचं पाणी, म्हणाला ड्रायव्हर,
त्या रात्री डोंगरात पाऊस होता ना.
कुंजुमोन न्हावी वस्तरा थांबवून म्हणाला,
तो शेवटी दाढी करून गेला, पण मिशी ठेवली नाही.
मिशी काढणारा माणूस परत येत नसतो.
(त्याला मिशी होती?
फोटोत आहे. फोटो नऊ वर्षांपूर्वीचा.)

मी ऐकत होते. खोटं कशाला बोलू, रसही होता.
चहा मागवत होते. मीच एकदा म्हटलं,
अशी शांत माणसंच जातात.
मी त्याला दोनदा पाहिलेलं,
एकदा तर पाठमोरा, शिडीवर.

मग निळा शर्ट दिसू लागला.
मुत्र्याच्या मासळी बाजारात, बर्फाच्या पेट्यांपाशी.
सूरच्या बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून.
एका बांगला सफाईवाल्यानं शपथेवर सांगितलं,
फिक्का निळा, खिशावर शाईचा डाग.
डाग मी टाकला नव्हता.
हवालदारानं तोही लिहून घेतला,
भाषांतर मीच करून दिलं,
आणि रात्री मलासुद्धा आठवला तो:
शिडीवर, पाठमोरा, निळा.
आता मी डोळे मिटून शपथ घेईन.

गुहागरकडून फोन येतो, दर गुरुवारी, त्याच्या बायकोचा.
कंपनी उचलत नाही, मग माझा नंबर.
मागे कुत्रा भुंकत असतो, भांडं पडतं,
ती आधी माझ्या जेवणाची चौकशी करते.
काल धीर करून तिनं विचारलं, कापडं काय होती अंगात?
मी म्हटलं, निळा शर्ट.

बराच वेळ लाइनवर नुसता वारा.
वाटलं, आता ओळखेल.
म्हणेल, त्याच्याकडं निळा नव्हताच मुळी.
तसंच म्हणाली.
"निळा नव्हता त्याच्याकडं.
मंग नवा घेतलान वाटतं."
आणि हसली, खरंच हसली, पदर तोंडाशी धरल्यासारखी.
"बरा झाला. सोताला कदी काय घेईत नसे.
केवढ्याला पडला असंल?"

बाहेर बांग सुरू झाली होती.
झेरॉक्सचा हिरवा दिवा लागत होता, विझत होता.

अडीच रियाल, मी म्हटलं. सेल होता.
पलीकडे ती बोटांवर रुपये मोजत राहिली.